फुफ्फुसाला बसणारी झळ रक्त आधी सांगेल का?

प्रस्तावना

फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या रुग्णाचा कसोटीचा काळ कोणता, असे विचारले तर बहुतेक जण उपचार चालू असतानाचे सहा-सात आठवडे सांगतील. रोजची ये-जा, गिळताना होणारा त्रास, थकवा, सोबत चालू असलेली केमो हे सगळे त्या आठवड्यांतच सोसावे लागते. फुफ्फुसाचे वेळापत्रक मात्र निराळे आहे. शेवटचा शेक संपून महिना-दोन महिने उलटतात, भूक परतते, माणूस पुन्हा कामाला लागायच्या बेतात असतो, आणि कोरडा खोकला सुरू होतो. अंगात कणकण राहते. जिना चढताना दम लागतो. छातीच्या एक्स-रेवर, किरण जिथून गेले त्या भागात, पांढुरकी छटा दिसू लागते. हा रेडिएशन न्यूमोनायटिस, म्हणजे जंतूंवाचून झालेला फुफ्फुसाचा दाह. साधारणपणे उपचारानंतर एक ते सहा महिन्यांत तो डोके वर काढतो. काहींचा आपोआप निवळतो, काहींना स्टेरॉइडच्या गोळ्या कित्येक आठवडे घेऊन हळूहळू कमी कराव्या लागतात, आणि थोड्या जणांच्या तो जिवावर बेततो. दाह ओसरल्यावरही अनेकदा त्या जागी व्रणासारखा राठ भाग उरतो. त्याला फायब्रोसिस म्हणतात. फुफ्फुसाचा तेवढा तुकडा कायमचा आखडतो.

एकाच वयाच्या, सारख्याच आकाराची गाठ असलेल्या, सारखीच मात्रा मिळालेल्या दोन रुग्णांपैकी एकाला हे सगळे भोगावे लागते आणि दुसरा सहीसलामत सुटतो. असे का होते, आणि त्यातला पहिला कोण असेल हे खोकला सुरू होण्याआधी रक्ताच्या एका नळीवरून ओळखता येईल का, हा या पुस्तकाचा विषय आहे. या प्रश्नामागे गेली तीस-पस्तीस वर्षे जगभरचे डॉक्टर आणि संशोधक लागले आहेत. त्यांच्या हाती जे आले ते मोलाचे आहे. पण ते नेमके कशासाठी वापरायचे याबद्दलचा गोंधळही तितकाच मोठा आहे. तो थोडा दूर व्हावा म्हणून ही प्रस्तावना जरा विस्ताराने लिहीत आहे.

किरणांमुळे फुफ्फुसाला इजा होते ही गोष्ट किरणोपचाराइतकीच जुनी म्हणावी लागेल. राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले ते १८९५ साली. पुढे तीस वर्षांच्या आतच, १९२५ मध्ये, एव्हन्स आणि ल्युकुटिया या अमेरिकी डॉक्टरांनी आधी येणारा दाह आणि मागाहून येणारा फायब्रोसिस या दोन वेगळ्या अवस्था आहेत असे मांडले. त्यानंतरचा बराच काळ या इजेकडे केवळ मात्रेचा प्रश्न म्हणून पाहिले गेले, आणि त्यातूनच आजची नियोजनाची पद्धत उभी राहिली.

ही पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. उपचारापूर्वी रुग्णाचा सीटी स्कॅन होतो. त्याच्या प्रत्येक कापावर गाठ, दोन्ही फुफ्फुसे, हृदय, अन्ननलिका आणि मज्जारज्जू यांच्याभोवती रेघा ओढल्या जातात. मेडिकल फिजिसिस्ट किरणांच्या दिशा आणि आकार बसवतो, आणि संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक अवयवासाठी डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी एक वक्ररेषा उमटते. आडव्या अक्षावर ग्रे या एककात मात्रा असते, उभ्या अक्षावर अवयवाचा टक्का. २० ग्रेच्या खुणेवरून सरळ वर जायचे, रेषेला भेटायचे आणि डावीकडे वळून आकडा वाचायचा. फुफ्फुसाच्या किती टक्के भागाला २० ग्रे किंवा त्याहून जास्त मात्रा मिळणार ते त्यावरून कळते. या आकड्याला व्ही-२० म्हणतात. दुसरा आकडा दोन्ही फुफ्फुसांना मिळणाऱ्या सरासरी मात्रेचा. २०१० साली क्वांटेक या तज्ज्ञगटाने तोवरचे अभ्यास एकत्र करून सांगितले की न्यूमोनायटिसचा धोका २० टक्क्यांच्या आत ठेवायचा असेल तर व्ही-२० हा ३० ते ३५ टक्क्यांवर आणि सरासरी मात्रा २० ते २३ ग्रेवर जाऊ देऊ नये. आज कुठल्याही चांगल्या केंद्रात हे दोन आकडे पाहिल्याशिवाय योजनेवर सही होत नाही.

तरीही हे आकडे सगळे सांगत नाहीत. धोका मात्रेबरोबर हळूहळू चढत जातो. अमुक रेषेच्या अलीकडे निर्धास्त आणि पलीकडे संकट, असा उंबरठा तिथे नाही. कॅनडातल्या डेव्हिड पाल्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये केमो व किरणोपचार एकत्र घेतलेल्या ८३६ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. त्यांत सुमारे ३० टक्के रुग्णांना लक्षणे देणारा न्यूमोनायटिस झाला आणि जवळजवळ २ टक्के त्यात दगावले. व्ही-२० महत्त्वाचा ठरलाच, पण ६५ वर्षांवरचे वय आणि कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल ही औषधांची जोडी एकत्र आली की धोका ५० टक्क्यांच्याही वर गेला. मात्रेखेरीज रुग्णाच्या शरीरातही काहीतरी निराळे असते, हे त्यातून स्पष्ट होते. प्राण्यांवरच्या प्रयोगांतही तेच दिसले आहे. उंदरांच्या काही जाती किरणांनंतर प्रामुख्याने दाहाने मरतात, तर काहींच्या फुफ्फुसांत फायब्रोसिस पसरतो. मात्रा तीच, फुफ्फुस तेच, वाण वेगळे.

मग शरीरात नेमके काय घडते? पूर्वी समजूत अशी होती की उपचार संपल्यापासून खोकला सुरू होईपर्यंत फुफ्फुस शांत असते. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर विद्यापीठात फिलिप रुबिन, जॅकलिन विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या फुफ्फुसांचा अभ्यास करून ही समजूत १९९५ मध्ये मोडीत काढली. किरण पडल्यावर अल्पावधीतच पेशी एकमेकींना सायटोकाइन नावाच्या प्रथिनांतून निरोप धाडू लागतात, आणि हा सिलसिला दाह उघड दिसेपर्यंत अखंड चालू राहतो. वायुकोशांच्या भिंतीत टाइप-२ नावाच्या पेशी असतात. वायुकोश मिटू नयेत म्हणून लागणारा स्निग्ध थर, म्हणजे सर्फॅक्टंट, त्या बनवतात. किरणांनी या पेशी जखमी होतात, बारीक रक्तवाहिन्यांचे अस्तर गळू लागते, दाहाच्या पेशी गोळा होतात, आणि तंतू विणणाऱ्या पेशींना काम सुरू करण्याचा हुकूम मिळतो. डॉक्टरांच्या आणि रुग्णाच्या दृष्टीने जो काळ लक्षणांवाचून जातो, तो पेशींच्या पातळीवर धामधुमीचा असतो. ती प्रथिने रक्तात उतरत असतील तर ती मोजताही यायला हवीत. या साऱ्या शोधामागचे तर्कशास्त्र एवढेच आहे.

या शोधातले सर्वांत गाजलेले नाव म्हणजे टीजीएफ-बीटा-१. तंतू विणण्याचा हुकूम देणाऱ्यांत हे प्रथिन अग्रभागी असते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात मिचेल ॲन्शर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवले की स्तनाच्या कर्करोगासाठी जबर केमो व अस्थिमज्जा प्रत्यारोपण होणाऱ्या ज्या स्त्रियांच्या रक्तात हे प्रथिन आधीच वाढलेले होते, त्यांना यकृताची आणि फुफ्फुसाची इजा होण्याचा धोका जास्त होता. तोच धागा त्यांनी किरणोपचाराकडे नेला. उपचाराच्या अखेरीस ज्यांची पातळी सुरुवातीच्या तुलनेत खाली आली, त्यांच्यात न्यूमोनायटिस कमी आढळला. यावरून २००१ मध्ये त्यांनी एक धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला. ७३.६ ग्रे मात्रेनंतर ज्यांचे टीजीएफ-बीटा सामान्य होते, त्यांची मात्रा ८० आणि पुढच्या टप्प्यात ८६.४ ग्रेपर्यंत वाढवली. रक्तातल्या आकड्यावरून किरणांची मात्रा ठरवण्याचा हा प्रयत्न होता, आणि त्या काळी त्याने मोठी आशा जागवली.

त्यानंतर अडचणी पुढे आल्या. ॲमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमधल्या गटाने २००४ मध्ये दाखवले की टीजीएफ-बीटाची अखेरची पातळी फुफ्फुसाच्या सरासरी मात्रेशी जोडलेली आहे, पण न्यूमोनायटिस कोणाला होईल ते ती सांगत नाही. म्हणजे जे संगणकावरची वक्ररेषा आधीच सांगत होती, त्यापलीकडे रक्ताने काही सांगितले नाही. दुसरी अडचण खुद्द नळीतली. टीजीएफ-बीटाचा मोठा साठा प्लेटलेटमध्ये असतो. शीर सापडली नाही म्हणून रक्त ओढून-ताणून काढले, नळी बर्फात जायच्या ऐवजी तासभर टेबलावर पडून राहिली, सेंट्रिफ्यूज पुरेशा वेगाने फिरले नाही, की प्लेटलेट आपला साठा नळीतच सोडतात. वरचा पिवळसर द्रव डोळ्यांना स्वच्छ दिसतो, पण त्यात प्लेटलेट तरंगत असतात. नमुना गोठवून पुन्हा वितळवला की त्याही फुटतात. मग यंत्र जो आकडा देते तो फुफ्फुसाचा की त्या टेबलावरच्या तासाचा, हे सांगणे अशक्य होते. जुन्या अभ्यासांच्या निष्कर्षांत जी तफावत दिसते, तिचा काही भाग तरी या साध्या हाताळणीत आहे. म्हणून या पुस्तकात नमुना कसा घ्यावा, किती वेळात फिरवावा, कसा साठवावा याला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. वाचकांनी ते गाळू नये अशी माझी विनंती आहे.

दुसरी वाट जपानमध्ये निघाली. नोबुओकी कोहनो आणि सहकारी १९८०च्या दशकात फुफ्फुसाच्या कर्करोगाची खूण शोधत असताना त्यांना केएल-६ हा रेणू गवसला. कर्करोगापेक्षा फुफ्फुसाच्या दाहाची खूण म्हणून तो अधिक कामाचा निघाला. तो मुख्यत्वे त्याच टाइप-२ पेशींतून येतो. त्या जखमी झाल्या, पुन्हा वाढू लागल्या आणि भिंत गळकी झाली, की केएल-६ रक्तात उतरतो. जपानमध्ये १९९९ पासून इंटरस्टिशियल न्यूमोनियासाठी ही तपासणी आरोग्य विम्यात बसते, आणि मिलीलिटरमागे ५०० युनिट ही तिथली रूढ मर्यादा आहे. एसपी-ए आणि एसपी-डी या सर्फॅक्टंटमधल्या प्रथिनांचाही जपानी संशोधकांनी असाच पाठपुरावा केला. किरणोपचारानंतर केएल-६ स्वतःच्याच आधीच्या पातळीच्या दीडपटीहून वर गेला तर गंभीर न्यूमोनायटिसचा संशय घ्यावा, असे तिथल्या अभ्यासांतून पुढे आले. यातली एक गोष्ट फार शिकण्यासारखी आहे. रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःच्या पायारेषेशी करायची. जुनाट दमा, पूर्वीचा क्षय, वर्षानुवर्षांची विडी यांमुळे प्रत्येकाची सुरुवातच वेगळी असते. उपचाराआधीचा नमुना हातात नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ लावणे कठीण. पण केएल-६ ची मर्यादाही सांगायला हवी. तो बहुधा इजा सुरू झाल्यावर चढतो. ‘कोणाला होईल’ यापेक्षा ‘कोणाला होऊ लागले आहे’ हे तो अधिक नीट सांगतो.

तिसरी वाट अनेक खुणा एकत्र पाहण्याची. मिशिगन विद्यापीठात फेंग-मिंग काँग यांच्या गटाने इंटरल्यूकिन-८ हे सायटोकाइन, टीजीएफ-बीटा-१ आणि सरासरी मात्रा या तिन्हींचा एकत्र हिशेब मांडला. उपचारापूर्वी इंटरल्यूकिन-८ कमी असलेल्यांना आणि पहिल्या दोन आठवड्यांत टीजीएफ-बीटा वाढलेल्यांना धोका जास्त दिसला. ५८ रुग्णांवरचा हा अभ्यास २०१२ मध्ये आला आणि २०१७ मध्ये वेगळ्या, मोठ्या गटावर त्याची पडताळणी झाली. याखेरीज इंटरल्यूकिन-६, सीआरपी, लिम्फोसाइटची संख्या, आणि टीजीएफ-बीटाच्या जनुकातले आनुवंशिक फरक यांवरही काम झाले आहे. टेक्सासच्या एमडी अँडरसन केंद्रातून २००९ मध्ये या जनुकातल्या एका फरकाचा न्यूमोनायटिसशी असलेला संबंध पुढे आला. या सगळ्यांचा परामर्श पुढच्या प्रकरणांत आहे, म्हणून इथे थांबतो.

आता मला जे खरोखर सांगायचे आहे त्याकडे वळतो. या खुणांबद्दल बोलताना आपण नेहमी विचारतो, ‘तपासणी किती अचूक आहे?’ त्याआधी विचारायला हवे, ‘या आकड्यावरून मी काय वेगळे करणार आहे?’ एक उदाहरण घेऊ. समजा शंभर रुग्ण आहेत आणि त्यांपैकी तिसांना न्यूमोनायटिस होणार आहे. आपल्याकडे अशी रक्ततपासणी आहे की जी होणाऱ्यांपैकी ७० टक्के आणि न होणाऱ्यांपैकीही ७० टक्के बरोबर ओळखते. तिसांपैकी २१ जण सापडले. उरलेल्या सत्तरांपैकीही २१ जणांवर चुकीचा शिक्का बसला. एकूण ४२ जणांना धोका सांगितला, त्यांतल्या निम्म्यांनाच तो खरा. ज्या ५८ जणांना निर्धोक म्हटले, त्यांतल्या नऊ जणांना पुढे त्रास होणारच. शिक्क्याआधी धोका ३० टक्के होता. शिक्का बसलेल्यांचा ५० झाला, न बसलेल्यांचा साधारण १५.

हा फरक उपयोगाचा आहे का? निर्णय कोणता आहे त्यावर ते अवलंबून आहे. धोक्याच्या यादीतल्या ४२ जणांना दर पंधरा दिवसांनी फोन करून खोकला आणि दम विचारायचा असेल, बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा लिहून घ्यायला सांगायचा असेल, तर हीच तपासणी उत्तम आहे. चुकीचा शिक्का बसलेल्या २१ जणांचे त्यात फोनवरची काही मिनिटे जाण्यापलीकडे काही बिघडत नाही. पण त्याच आकड्यावरून गाठीवरची मात्रा कमी करायची असेल, तर त्या २१ जणांचा कर्करोग आपण विनाकारण अर्धवट सोडला असे होईल. आणि मात्रा वाढवण्याचा निर्णय तर त्याहून जड. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरटीओजी ०६१७ या अमेरिकी चाचणीत ७४ ग्रे मिळालेले रुग्ण ६० ग्रेवाल्यांपेक्षा कमी जगले. मधल्या रुग्णाचे आयुष्य २०.३ महिने विरुद्ध २८.७ महिने. जास्त मात्रेने भले होईल हे गृहीतकच तिथे डळमळले. एखाद्या रक्तखुणेचा भरवसा जेवढा, तेवढ्याच वजनाचा निर्णय तिच्यावर टाकावा. या पुस्तकातून वाचकाने एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ती ही असावी.

या कसोटीवर काही निर्णय आजही रक्तखुणांची वाट पाहत आहेत. २०१७ मध्ये पॅसिफिक चाचणीचे निष्कर्ष आले आणि केमो-किरणोपचारानंतर दुर्वालुमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारे औषध देण्याची प्रथा पडली. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण त्यामुळे ३३.४ वरून ४२.९ टक्क्यांवर गेले, ही साधी गोष्ट नव्हे. पण हे औषध स्वतःही न्यूमोनायटिस करू शकते. चाचणीत सौम्य-तीव्र असा सगळा धरून तो औषध घेतलेल्या ३३.९ टक्के आणि न घेतलेल्या २४.८ टक्के रुग्णांत आढळला. औषध सुरू करायचे ते उपचारानंतरच्या सहा आठवड्यांत, म्हणजे नेमके फुफ्फुसातली धामधूम वाढत असताना. त्या आठवड्यांत कोणावर अधिक बारीक नजर ठेवायची, कोणाचा सीटी लवकर करायचा, हे सांगणारी रक्तातली खूण मिळाली तर तिचे काम मोठे असेल.

आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. मुंबईत टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी विदर्भ-मराठवाड्यातून आलेला रुग्ण उपचार संपवून गावी जातो. दोन महिन्यांनी त्याला खोकला, बारीक ताप आणि एक्स-रेवर डाग दिसतो तेव्हा तो सगळ्यात जवळच्या दवाखान्यात जातो. तिथल्या डॉक्टरच्या मनात पहिला येतो तो क्षय, आणि आपल्या देशात तसा तो यावाही. दुसरा येतो न्यूमोनिया, म्हणून अँटिबायोटिक सुरू होते. रेडिएशनचा दाह यादीत खूप खाली असतो, आणि रुग्णाकडे मात्रेचा कागद असेलच असे नाही. उलट बाजूही तितकीच धोक्याची. क्षय असताना दाह समजून स्टेरॉइड दिले तर क्षय भडकतो. म्हणून जपानी किंवा अमेरिकी मर्यादा इथे जशीच्या तशी उचलून चालणार नाही. सीआरपी आणि इंटरल्यूकिन-६ कुठल्याही संसर्गात चढतात. क्षयाने फुफ्फुस व्यापले असेल तर केएल-६ ही वाढलेला आढळतो. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बाईच्या फुफ्फुसाची पायारेषा काय, हे तिच्याच रक्तात आधी मोजायला हवे. परदेशातले कोष्टक ते सांगू शकत नाही.

हे पुस्तक किरणोपचाराचे विद्यार्थी, फिजिसिस्ट, पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारे डॉक्टर आणि आपल्या आजाराबद्दल समजून घेऊ पाहणारे रुग्ण व त्यांचे कुटुंबीय या सर्वांसाठी आहे. पहिल्या भागात फुफ्फुसाची रचना आणि किरणांनी होणारी इजा, दुसऱ्यात मात्रेचे गणित, तिसऱ्यात एकेक रक्तखूण आणि तिचे पुरावे, चौथ्यात नमुन्याची हाताळणी, आणि पाचव्यात उपचारानंतरची देखरेख असा क्रम आहे. रुग्णांनी थेट पाचव्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल. खोकला किंवा दम सुरू झाल्यावर काय सांगायचे आणि कोणते कागद दाखवायचे, हे तिथे आहे.

आज न्यूमोनायटिसचे भाकीत करणारी, एकटीच्या बळावर उपचार बदलावा अशी एकही रक्ततपासणी नेहमीच्या वापरात नाही. हे वाक्य वाचून कोणी निराश होऊ नये. जे हाती आहे त्याने पहिले पाऊल टाकता येते. उपचारापूर्वी, मध्यावर आणि अखेरीस रुग्णाचे नमुने ठरलेल्या पद्धतीने घेऊन साठवावेत. त्यांच्यासोबत व्ही-२० आणि सरासरी मात्रा नोंदवावी. पुढचे सहा महिने कोणाला काय झाले ते न चुकता लिहावे. आणि या मोजणीचा पहिला उपयोग मात्रा बदलण्यासाठी न करता, कोणाला आधी फोन करायचा हे ठरवण्यासाठी करावा. असे काम मोठे यंत्र न घेताही आपल्या केंद्रांत होऊ शकते. त्यातून आपल्या रुग्णांच्या पायारेषा तयार होतील, आपल्या हवेतल्या आणि आपल्या आजारांतल्या मर्यादा कळतील, आणि उद्या कोणी अधिक चांगली खूण शोधली तर ती पारखायला नमुने तयार असतील. असे काम हाती घेणारे हात या पुस्तकाच्या वाचकांमधूनच पुढे यावेत, एवढ्यासाठी हे पुस्तक मराठीत सिद्ध झाले आहे.